मुळ्याच्या बियाण्याला कॅनोलाचा लेप नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भाताची कापणी आटोपून वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामातल्या, भाजीचे वाफे पडू लागले, की शेती औषधांच्या दुकानात एक मागणी हमखास येते. मुळा, नवलकोल, मोहरी उगवल्या उगवल्या पानांची चाळण होते, तेव्हा बियाण्यालाच लावायचे काहीतरी द्या. हल्ली या मागणीला मोबाइलवरच्या व्हिडिओंची जोड मिळाली आहे. कॅनडातले शेतकरी रंगीत लेप चढवलेले कॅनोलाचे बी पेरतात आणि पिसू भुंगेऱ्यांपासून पीक वाचवतात, मग आपल्या मुळ्याला तेच का करू नये? मुळा आणि कॅनोला एकाच कुळातले, भुंगेरेही त्याच जातकुळीचे. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर तपशिलात देणे भाग आहे. ते थोडक्यात असे, की ही पद्धत कॅनोलाला लागू पडते, आपल्या भेंडीलाही काही अटींवर पडते, पण पाल्यासह खाल्ल्या जाणाऱ्या मुळ्याला ती लावू नये.

आधी कीड ओळखू या. सकाळी नऊ-दहाला ऊन वर आले, की वाफ्याशी उकिडवे बसून पाहावे. मुळ्याची पहिली दोन पाने म्हणजे बीजदले. ती हृदयाच्या आकाराची, टोकाला खाच असलेली असतात. त्यांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसतात. सगळे खड्डे सुरुवातीला आरपार नसतात. भुंगेरा वरचा पापुद्रा खरवडतो, खालचा पातळ पडदा राहतो, तो एक-दोन दिवसांत वाळून गळतो आणि मग भोक पडते. त्यामुळे आज दिसणारी भोके कालपरवाच्या खाण्याची असतात. बोट पानाजवळ नेले की मोहरीच्या दाण्याएवढा, काळा, निळसर चकाकीचा भुंगेरा टुणकन उडी मारतो. काहींच्या पाठीवर दोन पिवळसर नागमोडी पट्टे असतात. लांबी दोन ते तीन मिलिमीटर, मागच्या पायांच्या मांड्या फुगीर. म्हणूनच त्याला पिसू भुंगेरा म्हणतात.

नुकसान नेमके कुठे होते हे कळले, तर अर्धी औषधे वाचतील. बीजदले ही रोपाची पहिली शिदोरी. ती खाल्ली गेली की खरी पाने येण्याआधीच रोप खुंटते. कोवळा शेंडाच कुरतडला गेला तर रोप जाते. पण तीन-चार खरी पाने फुटली, की तेवढीच भोके पडूनही रोप पुढे निघून जाते. म्हणजे खरी लढाई पेरणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांची. मुळ्यात एक उपद्रव आणखी असतो. मादी मुळांजवळ मातीत अंडी घालते आणि अळ्या मुळ्याची साल खरवडतात. उपटल्यावर पांढऱ्या मुळ्यावर तपकिरी चरे दिसतात, आणि असा मुळा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणी हातात घेत नाही.

आता कॅनोलाकडे वळू. ते मोहरीच्याच कुटुंबातले तेलबी पीक. 1970 च्या दशकात कॅनडात निवडपद्धतीने तयार झालेले, तेलात इरुसिक आम्ल दोन टक्क्यांहून कमी असलेले. मॅनिटोबा, सास्काचेवान आणि आल्बर्टा या सपाट, कोरड्या प्रांतांत ते मे महिन्यात पेरतात. तिथले भुंगेरे कडाक्याची थंडी पाचोळ्याखाली दडून काढतात आणि उन्हे तापली की उपाशी बाहेर पडतात, नेमके कॅनोला उगवताना. वर्षाला पिढी एकच. पीक सापडते ते वसंतातल्या त्या एका लाटेत. ती ओसरेपर्यंत रोप तगले, की तिथला शेतकरी पहिल्या संकटातून सुटतो. उन्हाळ्याच्या शेवटी नवे भुंगेरे निघतात, पण तोवर झाड मोठे झालेले असते.

त्यासाठी थायामेथॉक्झाम किंवा क्लोथियानिडिनसारखे आंतरप्रवाही कीटकनाशक बियाण्यावर चढवतात. मात्रा साधारण किलोभर बियाण्याला 4 ग्रॅम मूळ औषध. हेक्टरी बी लागते पाच-सहा किलो, म्हणजे हेक्टरी 20 ते 24 ग्रॅम औषध. सोबत बुरशीनाशक, रंग आणि लेप घट्ट धरून ठेवणारी चिकटवण असते. हे काम कारखान्यात, मोजमापाच्या यंत्रांवर होते. शेतकऱ्याच्या हाताला त्यातले काही लागत नाही. बी मातीत ओल धरते तेव्हा औषध पाण्यात विरघळून मुळावाटे रोपात चढते आणि बीजदलांत पोचते.

व्हिडिओत सहसा सांगत नाहीत ते यापुढचे. हे औषध भुंगेऱ्याला दूर ठेवत नाही. त्याने पान चावले, तरच ते त्याच्या पोटात जाते. त्यामुळे उत्तम लेप दिलेल्या शेतातही भोके दिसणारच. संरक्षण मिळते तीन ते चार आठवडे, आणि ते दिवस पेरणीपासून मोजायचे, उगवणीपासून नव्हे. जमीन थंड वा कोरडी राहून बी दहा-बारा दिवस रेंगाळले, तर तेवढी मुदत मातीतच संपते. मग तिथले शेतकरी शेतात फिरून पाने पाहतात. बीजदलांचे आणि पहिल्या पानांचे क्षेत्र सरासरी 25 टक्के खाल्लेले आणि भुंगेरे अजून खात असतील, तरच वरून फवारणी करतात. उत्पन्नाला खरा फटका निम्मे पान गेल्यावर बसतो, पण उष्ण, शांत हवेत 25 चे 50 टक्के व्हायला फार वेळ लागत नाही, म्हणून इशारा आधी ठेवलेला. थंड, वाऱ्याच्या दिवसांत भुंगेरे खाली उतरून देठ कुरतडतात. पाने ठीक दिसतात आणि रोप मात्र आडवे होते. वरवर पाहणारा इथे फसतो.

आणखी एक अडचण आहे. पट्टेवाल्या भुंगेऱ्यावर ही निओनिकोटिनॉइड गटातली औषधे काळ्या भुंगेऱ्याच्या मानाने कमी चालतात, आणि पट्टेवाला वसंतात आधी निघतो. म्हणून तिथे सायांट्रानिलीप्रोलसारखे वेगळ्या गटातले दुसरे औषध लेपात मिसळावे लागू लागले. युरोपीय संघाने मधमाश्यांसाठी डिसेंबर 2013 पासून मोहरीवर्गासह अनेक पिकांच्या बियाण्यांवर या गटातल्या तीन औषधांचा वापर थांबवला आणि 2018 मध्ये उघड्या शेतातला त्यांचा सर्वच वापर बंद केला. त्यानंतर ब्रिटनमध्ये कोबीवर्गावरच्या पिसू भुंगेऱ्याने मोहरीवर्गीय तेलबियांचे पीक इतके पोखरले, की अनेकांनी ते घेणेच सोडले. तिथे बदली म्हणून पायरेथ्रॉइड या दुसऱ्या गटातली कीटकनाशके फवारून पाहिली गेली, पण भुंगेरे त्यांना आधीच सरावत चालले होते. आपल्याकडे दर चौथ्या दिवशी तेच ते पायरेथ्रॉइड मुळ्यावर मारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

चिकटवणीचे महत्त्व 2008 साली जर्मनीत दिसले. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात क्लोथियानिडिन लावलेला मका हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांनी पेरला गेला. लेप नीट चिकटलेला नव्हता. त्याची धूळ यंत्रातून उडून फुललेल्या झाडांवर बसली आणि मधमाश्यांच्या हजारो वसाहती बाधित झाल्या. औषध बियाण्यावर आहे म्हणून ते बियाण्यावरच राहील, असे गृहीत धरता येत नाही.

तर मुळ्याला हे का नको? पहिले कारण ताटातले. कॅनोलाचे पान कोणी खात नाही. पेरणीनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी त्याचे बी गाळून तेल निघते. आपला मुळा महिना-सव्वा महिन्यात पाल्यासकट उपटला जातो आणि त्या पाल्याची भाजी होते. आंतरप्रवाही औषध सर्वांत जास्त साठते ते पानातच. काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे हे त्या त्या पिकावर चाचण्या घेऊन ठरवतात आणि लेबलवर छापतात. मुळ्याचे नाव ज्या लेबलवर नाही, त्या औषधाचे मुळ्यासाठीचे थांबण्याचे दिवस कोणी ठरवलेलेच नाहीत. 1968 च्या कीटकनाशक कायद्यात नोंदणी पिकागणिक, किडीगणिक होते. लेबलवर नसलेल्या पिकाला ते औषध वापरणे म्हणजे ग्राहकाच्या ताटावर प्रयोग करणे. तांबडी भाजी, मेथी, मोहरीचा पाला यांनाही हेच लागू.

दुसरे कारण पावसाचे. कॅनडाच्या त्या प्रांतांत वर्षभरात साधारण 350 ते 500 मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्यात तीन हजारांच्या आसपास, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. चतुर्थीसाठीचा मुळा भर पावसाळ्यात, तोही उताराच्या जांभ्या जमिनीवर पेरला जातो. लेपातले थोडेच औषध रोपात शिरते, मोठा वाटा मातीत उरतो आणि ही औषधे पाण्यात सहज विरघळतात. ती उतरत उतरत व्हाळाला म्हणजे ओढ्याला, विहिरीला, पुढे खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, पाण्याला मिळणार. पाण्यातले किडे या औषधांना अतिशय नाजूक असतात, आणि त्याच किड्यांवर लहान मासे जगतात.

तिसरे कारण किडीचे. आपल्याकडे थंडी नाही, त्यामुळे भुंगेऱ्याच्या पिढ्यामागून पिढ्या चालू राहतात. भर पावसात त्या दबतात, पण उघडीप मिळाली की वाढतात आणि वायंगणात कळस गाठतात. शेजारच्या वाफ्यातला जुना मुळा नव्या मुळ्याला सतत भुंगेरे पुरवतो. एका लाटेसाठी बेतलेला लेप या न थांबणाऱ्या येण्या-जाण्याला पुरा पडत नाही.

भेंडीची गोष्ट वेगळी. तिचे फळ खातात, पहिली तोडणी साधारण 45 ते 50 दिवसांनी येते आणि लेपाचा जोर तोवर ओसरलेला असतो. सुरुवातीच्या महिन्यात तुडतुडे, मावा आणि पिवळ्या शिरांचा रोग पसरवणारी पांढरी माशी यांचा त्रास मोठा असतो. लेपाने त्या काळातल्या दोन-तीन फवारण्या वाचतात, हा खरा फायदा आहे. मिरचीत मात्र फायदा रोपवाटिकेपुरताच. पाच-सहा आठवड्यांचे रोप लावणीला जाते, तेव्हा मुदत संपत आलेली असते. लावणीनंतरचा चुरडा-मुरडा, म्हणजे पाने आकसण्याचा रोग, बीजप्रक्रियेने थांबेल अशी आशा धरू नये.

भेंडीला करायचे असेल, तर पाकीट आधी उलटून वाचावे. संकरित भेंडीचे बी बहुधा लेप देऊनच येते. लाल, गुलाबी, निळा रंग ही त्याची खूण, आणि कोणते औषध लावले ते पाकिटावर छापणे बियाणे नियमांनुसार बंधनकारक आहे. 'खाण्यासाठी, चाऱ्यासाठी वा तेलासाठी वापरू नये' हा इशाराही तिथेच असतो. पाकिटावर फक्त थायरमसारखे बुरशीनाशक लिहिले असेल, तर कीटकनाशकाचा विचार करता येतो. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथॉक्झाम आधीच लिहिलेले असेल, तर पुन्हा लेप देणे म्हणजे दुप्पट मात्रा. उगवण उशिरा, रोप खुजे, कडा पिवळ्या, आणि मग दोष बियाण्याच्या माथी. घरचे बी, म्हणजे आपल्या सात शिरांच्या भेंडीचे, ते अर्थातच कोरे असते.

सर्वांत मोठी चूक मापाची होते, आणि ती गोव्यात जास्त, कारण आपले वाफे लहान. औषधाच्या लेबलवर मात्रा किलोची लिहिलेली, आणि शंभर चौरस मीटरला भेंडीचे बी लागते फार तर शंभर ग्रॅम. भेंडीसाठी इमिडाक्लोप्रिड 48 टक्के एफएस या बियाण्याला लावायच्या औषधाची मात्रा किलोला 5 ते 9 मिली. शंभर ग्रॅमला ती झाली अर्धा ते 0.9 मिली. बाटलीच्या झाकणाने हे मोजता येत नाही. झाकणभर ओतले तर मात्रा दहापट होते. औषधाच्या दुकानातून एक मिलीची, बारीक खुणांची सिरिंज आणावी, सुई काढून टाकावी आणि तिच्यावर पक्क्या शाईने खूण करून ती याच कामाला ठेवावी. शंभर ग्रॅमला अर्धा मिली पुरे.

दुसरी चूक औषधाच्या प्रकाराची. फवारणीचे 17.8 टक्के एसएल आणि बियाण्याचे 48 टक्के एफएस यांत नाव तेच, इमिडाक्लोप्रिड, पण ती औषधे वेगळी आहेत. एफएसमध्ये रंग आणि चिकटवण असते. एसएलमध्ये ती नसते, त्यामुळे लेप धरत नाही आणि कोणत्या बियाण्याला विष लागले आहे हे डोळ्यांना कळतही नाही. 'तेच आहे, चालेल' म्हणून एसएल हातात दिले तर घेऊ नये.

करायचे ते असे. बी आदल्या रात्री भिजत घालायची आपल्याकडे सवय आहे. लेप द्यायचा असेल तर बी भिजवू नये. भिजलेले बी औषध जास्त ओढून घेते आणि पोळते, आणि लेप दिल्यावर भिजवले तर औषध पाण्याबरोबर जाते. कोरडे, निवडलेले, फुटके दाणे काढलेले बी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घ्यावे. फुटक्या दाण्यात औषध थेट गाभ्यात शिरते आणि तो उगवत नाही. अर्धा मिली औषधात अर्धा ते एक मिली पाणी मिसळून तो पातळ लेप पिशवीच्या आतल्या बाजूला सोडावा, थेट दाण्यांवर एका जागी नव्हे. पिशवीत हवा ठेवून तोंड पिळावे आणि दोन-तीन मिनिटे हळूहळू घोळवावी. जोरात आपटू नये, साल तडकते. सगळ्या दाण्यांवर सारखा रंग दिसला, की बी वर्तमानपत्रावर पातळ पसरून सावलीत अर्धा-एक तास सुकवावे. उन्हात नको. हातात नायट्राइल मोजे, तोंडावर फडके. काम उघड्या अंगणात, पण वाऱ्यात नको. नुसत्या हातांनी चोळण्याची पद्धत पूर्ण बंद व्हायला हवी. ती पिशवी, तो कागद घरात परत येता कामा नये आणि धुतलेले पाणी विहिरीच्या वा व्हाळाच्या वाटेला जाता कामा नये.

बुरशीनाशकही द्यायचे असेल तर ते आधी, ते सुकल्यावर कीटकनाशक आणि जिवाणू खत शेवटी, पेरणीच्या अगदी आधी, असा क्रम आहे. अळसांद्याला, म्हणजे चवळीला, रायझोबियम हे जिवाणू खत लावणाऱ्यांनी तो विशेष पाळावा. उलट केले तर जिवाणू मरतात आणि पैसे जातात.

लेप दिलेले बी त्याच दिवशी पेरावे. ठेवले की उगवणशक्ती उतरते. दोन-तीन सेंटिमीटर खोल टाकून माती नीट ओढावी. मोर, कवडे उघडे बी टिपतात, आणि थोड्याच दाण्यांत लहान पाखराचा जीव जाऊ शकतो. मोरांचा त्रास आहे म्हणून कोणी मुद्दाम उघडे टाकत असेल, तर तो गुन्हाच आहे. मोराला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. उरलेले रंगीत बी कोंबड्यांपुढे टाकू नये, धुऊन खाण्यात तर मुळीच घेऊ नये. म्हणूनच लागेल तेवढ्यालाच लेप द्यावा.

मग मुळ्याचे काय? मुळ्याला सर्वांत खात्रीचा उपाय जाळीचा आहे, आणि त्याचा जितका प्रसार व्हायला हवा होता तितका झालेला नाही. पेरल्या दिवशीच वाफ्यावर 40 मेशची, म्हणजे इंचाला चाळीस छिद्रे असलेली, पांढरी कीटकरोधक जाळी घालायची. मच्छरदाणीचे कापड चालेलसे वाटते, पण भुंगेऱ्याची रुंदी जेमतेम मिलिमीटरभर, तो त्यातून सहज आत येतो. सावलीच्या हिरव्या जाळीचा तर उपयोगच नाही. 40 पेक्षा बारीकही घेऊ नये, आत हवा कोंडून रोपे कुजतात. मीटरभर रुंदीच्या वाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या कमानी हात-सव्वा हात उंच रोवल्या, तर दोन मीटर पन्ह्याची जाळी दोन्ही कडा मातीत दाबण्यासह पुरते. कडा वीतभर खोल दाबाव्यात, दगड ठेवून भागत नाही. पाणी जाळीवरूनच झारीने द्यावे. मुळ्याला परागीभवनाची गरज नाही, त्यामुळे काढणीपर्यंत जाळी राहिली तरी बिघडत नाही, आणि नीट वापरली तर तीच पुढचे हंगामही चालते.

जाळी फसते ती एकाच कारणाने. ज्या वाफ्यात आधी मुळा, कोबी, नवलकोल होता, त्यातच पुन्हा मुळा पेरून वर जाळी घातली, तर मातीतले कोष फुटून भुंगेरे जाळीच्या आतच निघतात आणि कोंडलेल्या रोपांवर तुटून पडतात. म्हणून पालट हवी. त्या वाफ्यात एक हंगाम तांबडी भाजी, अळसांदे, वाल, रताळी घ्यावी आणि मुळा दुसरीकडे न्यावा. काढलेल्या मुळ्याचे बुंधे आणि पिवळी पाने मेरेवर, म्हणजे बांधावर, टाकून ठेवू नयेत.

जाळी परवडत नसेल, तर मोहरीचा सापळा लावावा. स्वयंपाकघरातली मोहरी मुळ्याच्या आठ-दहा दिवस आधी वाफ्याच्या दोन्ही बाजूंना दाट टाकावी. भुंगेरे आधी तिच्यावर जमतात. फवारायचे ते त्या पट्टीवरच, किंवा पट्टी उपटून खोल पुरावी. नुसती ठेवून दिली तर तीच भुंगेऱ्यांचे घर होते. मुळ्याचे बी थोडे दाट पेरून विरळणी पहिल्या खऱ्या पानांनंतर करावी, म्हणजे खाणे अधिक रोपांत वाटले जाते. पहाटे दवावर चाळलेली राख पातळ भुरभुरण्याची जुनी रीत उपयोगी आहे. फक्त पाणी दिले की ती धुऊन जाते आणि पुन्हा टाकावी लागते. पिवळे चिकट सापळे लावायचे तर वीतभर उंचीवर. हे भुंगेरे उड्या मारत फिरतात, डोक्याएवढ्या उंचीवर टांगलेल्या सापळ्याला ते लागत नाहीत.

फवारणीचा निर्णय मोजून घ्यावा. वाफ्यात दहा ठिकाणी दहा-दहा रोपे पाहावीत. बीजदलाचा चौथा भाग म्हणजे खाचेच्या एका बाजूचे अर्धे पान, असा अंदाज डोळ्यांत बसवावा. सरासरी तेवढी गेली आणि ऊन असताना भुंगेरे दिसत असतील, तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे दहा लिटरच्या पंपाला अर्धा किलो कुटलेल्या निंबोळ्यांचा रात्रभर भिजवून गाळलेला अर्क, थोड्या साबणासह संध्याकाळी फवारावा. चार खरी पाने आल्यावर भोके दिसली, तरी पंप खांद्यावर घेऊ नये.

कृषी संचालनालयाला आणि जुने गोवे येथील किनारी कृषी संशोधन संस्थेला या निमित्ताने विनंती आहे. लेप दिलेल्या बियाण्याच्या पाकिटाबरोबर मराठी-कोकणीत, ठळक अक्षरांत एक चिठ्ठी द्यावी, ज्यात शंभर ग्रॅमचे माप असेल, किलोचे नव्हे. विभागीय कृषी कार्यालयांत हाताने फिरवायचा बीजप्रक्रियेचा छोटा ड्रम, सिरिंज आणि मोजे ठेवावेत, म्हणजे भेंडीवाल्यांचे काम तिथेच, जाणत्या माणसासमोर होईल. आणि 40 मेशची जाळी हरितगृहवाल्यांच्या मोठ्या गुंडाळ्यांऐवजी दहा-वीस मीटरच्या तुकड्यांत, अनुदानासह, पोरसू, म्हणजे परसातला भाजीमळा, करणाऱ्या बायकांपर्यंत पोचवावी. म्हापसा, डिचोली, मडगावच्या बाजारात पालेभाजी विकणाऱ्या बहुतेक त्याच असतात. मुळ्याची पेरणी सुरू झाली आहे, त्यामुळे निदान जाळीचे काम याच महिन्यात मार्गी लागावे.

आपला,
एक कृषी-सल्लागार वाचक, डिचोली
(नाव प्रसिद्ध करू नये)